विजूची नारळाची जिन

विजू खाली पडली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

एकतीस डिसेंबरची संध्याकाळ होती. अजून उजेड होता, कोंबड्या खुराड्यात गेल्या नव्हत्या. अंगणात खुर्च्या, सतरंज्या, मुंबई-ठाण्याहून आलेली माणसं आणि त्यांची पोरं. मधोमध विजू हातात स्टीलचा कडीचा डबा घेऊन नाचत होती. डब्यात जिन, लिंबू आणि नारळाचा रस. दरवर्षी ती तो डबा असाच नाचत नाचत हलवायची आणि शेवटी दारू चढल्याचं सोंग करून जमिनीवर लोळण घ्यायची. लोक त्या सोंगाची वाटच बघत असायचे. त्यामुळे ती गुडघ्यात दुमडून कुशीवर पडली तेव्हा माझ्या मुलाने, मिलिंदने, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. कोणीतरी ओरडलं, "काकी, यंदा लवकर चढली!"

मी अंगणाच्या अलीकडे माझ्या पडवीत बसले होते. पुढ्यात सुपात पावटे होते, पण माझं लक्ष पावट्यांत नव्हतं. माझं लक्ष विजूवर होतं.

सोंगात विजू पडायची तेव्हा डबा वर असायचा. खाली बाई, वर डबा. थेंब सांडायचा नाही. त्या दिवशी डबा आधी सुटला. झाकण उडालं, पांढरा फेस सारवलेल्या जमिनीत मुरायला लागला, आणि विजू त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती.

"अरे मेल्यांनो, टाळ्या कसल्या वाजवताय? ती खरीच पडल्ये!"

मी सूप बाजूला फेकलं आणि उठले. माझे गुडघे तेव्हाही दुखत होते, पण माझ्याआधी तिच्यापाशी कोणी पोचलं नाही. जे जवळ होते ते अजून हसत होते. मी तिचं डोकं उचललं तर तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि डावा हात ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. तेव्हा कुठे गाणं बंद झालं.

विजू माझी धाकटी जाऊ. माझ्या दिराची, दत्ताभावजींची बायको. मिरजोळ्याच्या पुढे आमची वाडी आहे. तिथे आमची दोन घरं समोरासमोर आणि मध्ये एक अंगण. वाटण्या झाल्या तेव्हा घरं वेगळी झाली, अंगण तेवढं सामायिक राहिलं. तेही वाटलं असतं तर बरं झालं असतं. मध्ये चांगला पुरुषभर उंचीचा दगडी गडगा घातला असता, तर तिच्या पडवीत बसलेली माणसं मला रोज दिसली नसती.

ती संगमेश्वरची, मी हेदवीकडची. मी चौथी शिकले, ती दहावीला बसली आणि नापास झाली. तेवढ्या भांडवलावर ती इंग्रजी शब्द टाकायची. सकाळी चहाचा कप उचलताना अंगणापलीकडून मला ओरडायची, "चियर्स वहिनी!" दिसायला काळी, ठेंगणी, दात पुढे. मी तिच्यापेक्षा उंच आणि गोरी. तिच्या लग्नात बायका माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या होत्या की मोठीच्या पुढे धाकटी अगदीच फिकी आहे. मलाही ते पटलं होतं. त्याचा पुढे मला काही उपयोग झाला नाही.

मला एकच मुलगा. मिलिंद ठाण्याला असतो. गणपतीत धावत येतो आणि धावत जातो. निवांत यायचा तो नाताळच्या सुट्टीत, बायकोला आणि मुलांना घेऊन. ते दिवस मी वर्षभर डोळ्यांपुढे धरून असायचे. तो आला की पिशव्या माझ्या घरात टाकायचा, माझ्या पाया पडायचा, "आई, बरी आहेस ना?" असं विचारायचा, आणि माझं उत्तर पुरं व्हायच्या आत समोर बघून हाक द्यायचा.

"काकी, डबा काढलास का?"

"घासून उपडा घातलाय! ये तू!" समोरून उत्तर तयार.

की गेला. जेवायला, झोपायला, आंघोळीला माझ्याकडे. बसणं, बोलणं, हसणं सगळं समोर. मी त्याच्यासाठी करांद्याचे कंद उकडायचे, घावणे घालायचे. ताट घेऊन तो समोरच्या पडवीत जाऊन खायचा. मला फक्त एवढं हवं होतं की त्याने माझ्या पडवीत बसावं, माझ्याशी बोलावं. मागून मिळणारी ती गोष्ट नव्हती, म्हणून मी कधी मागितली नाही.

विजूला मूल नव्हतं. लोक म्हणायचे, म्हणून ती मिलिंदवर एवढा जीव टाकते. टाकू दे की. पण मला ते बघत बसावं लागायचं, त्याचं काय?

ती जिन सुरू झाली दत्ताभावजींमुळे. भावजी जहाजावर होते, तिथल्या बारमध्ये साहेबलोकांना पेले भरून द्यायचे. एका नाताळात सुट्टीवर आले आणि म्हणाले, थंडीच्या दिवसांत तिकडे साय घालून लिंबाची जिन करतात, तुम्हाला करून दाखवतो. म्हशीच्या दुधाची साय घेतली, लिंबू पिळलं, आणि सगळं फाटलं. दारूवर पांढऱ्या गाठी तरंगायला लागल्या. आमच्या ह्यांनी पेल्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "दत्त्या, ह्याची भाजी कर."

विजू तिथेच विळीवर नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "साय हवीय कशाला? सोलकढी एवढी आंबट असते, ती कुठे फाटते?"

भावजींनी तिच्याकडे पाहिलं, खवलेल्या नारळाकडे पाहिलं, आणि उठून डबा धुवायला गेले. त्या दिवसापासून ते काम विजूचं झालं. भावजी नुसते बाटली आणून द्यायचे.

मी दारूला तोंड लावत नाही, पण नारळ मला कळतो, म्हणून सांगते. ती करायची ते बरोबर करायची. नारळाचा पहिला, जाड रस घ्यायची. गरम पाणी घालून रस काढला तर भरपूर निघतो, पण त्याला तेल सुटतं, आणि मग बर्फ लागला की त्या तेलाचा रवा धरतो. म्हणून ती विहिरीचं गार पाणी वापरायची. आदल्या दिवशी ईडलिंबाची साल किसून साखरेत चुरगाळून ठेवायची. सकाळपर्यंत साखर पिवळी आणि ओलसर व्हायची, घरभर वास सुटायचा, अंगण ओलांडून माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. त्यात कागदी लिंबाचा रस, मग जिन, आणि नारळाचा रस सगळ्यात शेवटी, धार धरून. मग डबा बंद करून दोरीने विहिरीत सोडायची. आधी विहिरीचा गारवा, मग बर्फ. एकदम बर्फ घालायची नाही. "घाई केली की फाटतं," हे तिचं वाक्य. जिनीबद्दल म्हणायची, मोहरावरच्या फवारणीबद्दल म्हणायची, शेजारच्या वाडीतल्या एका मोडलेल्या लग्नाबद्दलही तेच म्हणाली होती. डब्याला टॉवेल गुंडाळून हलवायला लागली की थांबायची नाही. फेस उभा राहिला की स्टीलच्या पेल्यांत ओतायची आणि वरून जायफळ किसायची.

आता ऐका. नारळ कुठला? माझ्या वाटणीला आलेल्या माडांचा, कारण तिच्या वाटणीचे माड उंदीर खायचे. ईडलिंबाचं झाड कुठलं? माझ्या मागच्या दारचं. जायफळसुद्धा माझ्या परसातलं. ती हक्काने यायची, "वहिनी, दोन ईडलिंबं घेत्ये हां," म्हणेपर्यंत तोडूनही झालेली असायची. झाड माझं, फळ माझं, आणि पोरं ओरडायची, "काकीची जिन! काकीची जिन!"

जाताना ईडलिंबाचं एक पान अंबाड्यात खोचायची. लोक फुलं माळतात, ही पान. थंडी पडली की साडीवर भावजींचा जहाजावरचा निळा स्वेटर घालायची, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. सगळ्यांना देऊन झाल्याशिवाय स्वतः घ्यायची नाही, आणि घ्यायची ती पेल्यातून नव्हे. बशीत ओतायची आणि चहासारखी फुर्रकन ओढायची. मिलिंदचे ठाण्याचे मित्र ते बघून हसून लोळायचे. त्यांच्या बायका फोटो काढायच्या. मी चहा बशीतून प्यायले तर माझी सून अनघा हळूच म्हणते, "आई, आवाज होतोय." विजूने बशीतून दारू ओढली की तिचे फोटो.

भावजी गेले तेव्हा मला वाटलं, आता डबा माळ्यावर जाईल. एक नाताळ तो नव्हता. पुढच्या नाताळाला परत निघाला. आमचे हे गेले, तेव्हा माझ्याजवळ येऊन बसली तीच. तेरा दिवस हलली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा, माझ्या हातात पेजेची वाटी, सगळं केलं. रडलीही माझ्यापेक्षा चांगलं. मिलिंद तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. माझा खांदाही तिथेच होता.

एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर लोकांना वाटेल ती नुसती दारूवाली बाई होती. विजू मार्गशीर्षातले गुरुवार कडक पाळायची. कलश मांडायची, उपास धरायची, त्या दिवशी घरात बाटलीला हात लावणार नाही म्हणजे नाही. एका वर्षी एकतीस तारखेला नेमका गुरुवार आला आणि मार्गशीर्ष संपला नव्हता. मिलिंदचे सहा-सात मित्र बायका-पोरांसकट येऊन बसलेले. सगळे डब्याकडे बघतायत. मी माझ्या पडवीतून मजा बघत होते. मनात म्हटलं, आज कशी नाचते बघू.

ती नाचली. नेहमीसारखी साल चुरगाळली होती, रस काढला होता, डबा विहिरीतून वर ओढला, हलवला, पेले भरले. लोक प्यायले. एकाने दुसरा पेला मागितला, मग तिसरा. थोड्या वेळात त्यातला एक जाडा गृहस्थ उभा राहिला आणि गाणं म्हणायला लागला. दुसऱ्याला रडू आलं, त्याचं ऑफिसात कोणाशी तरी बिनसलं होतं. त्याची बायको म्हणाली, "पुरे आता, तुम्हाला झेपत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कलश हलवल्यावर विजूने सगळ्यांना ओळीत बसवलं आणि सांगितलं, "काल जिन नव्हती. गुरुवार होता ना. नारळ आणि लिंबूच होतं."

"काकी, मग मला चढली कशी?" जाड्याने विचारलं.

"ते तू देवीला विचार. मी फक्त पेला भरला."

मिलिंद हसता हसता पडवीच्या पायरीवर आडवा झाला. जाडा काही रागावला नाही. उलट निघताना तिच्या पाया पडला. मी म्हणते, अशी फसवणूक मी केली असती तर ती माणसं पुन्हा आमच्या वाडीत आली असती का? तिला सगळं माफ.

त्यानंतरच्या नाताळात मी ठरवलं की आता बस. मिलिंदला पेलाच हवाय ना, तर मी देईन. इतकी वर्षं समोर बसून बघत होते, मला काय येत नव्हतं त्यातलं? बाटली कोणाकडून आणवली ते सांगत नाही, तो माणूस अजून वाडीत राहतो. विजू सकाळी बाजारात गेली होती, तेवढ्यात मी नारळ फोडला, रस काढला, साल किसली, सगळं तिच्याच पद्धतीने. मिलिंदला म्हटलं, "आज समोर जायचं नाही. आज इथे बस." तो बसला. अनघा बसली, मुलं बसली. माझी पडवी भरली होती. मी पेले आणून ठेवले.

मिलिंदने घोट घेतला आणि तो घोट तोंडातच धरून बसला.

"काय रे?"

त्याने कसाबसा गिळला. "आई, यात लसूण आहे?"

आता मी काय सांगू? आयुष्यभर नारळाचा रस काढला तो सोलकढीसाठी. रस निघाला की माझा हात लसूण-मिरचीकडे आपोआप जातो. मीठही घातलं होतं. मी दारू चाखत नाही, त्यामुळे मला पत्ता नाही. अनघाने ओढणी तोंडाला लावली. हसत होती की ओकारी आवरत होती ते मला कळलं नाही. मुलं मात्र उघड हसत होती.

तेवढ्यात विजू बाजाराची पिशवी घेऊन अंगणात आली. "काय गो चाललंय वहिनींकडे? मला सोडून?"

"काकी, आईने जिनीची सोलकढी केल्ये," मिलिंद म्हणाला.

ती पडवीत चढली. बशी मागितली. ओतून घेतलं, फुर्रकन ओढलं आणि डोळे मिटून उभी राहिली. मी म्हटलं, "थुंक, विजू. उगाच तोंडदेखलं करू नको."

"थांबा हो वाईच." तिने अजून एक घोट घेतला. "वहिनी, लसूण काढा. मिरची आणि मीठ राहू दे."

झालं. पुढच्या नाताळाला तिने स्वतःच्या डब्यात एक हिरवी मिरची चिरून टाकली, चिमूटभर मीठ घातलं, आणि त्याला नाव दिलं 'वहिनी स्पेशल'. ती जिन पहिल्यापेक्षा जास्त खपायला लागली. ठाण्याची माणसं गाडीतून उतरता उतरता विचारायची, "वहिनी स्पेशल आहे ना?" आणि माझं नाव घेत घेत तिच्या पडवीत जायची. माझी चूकसुद्धा माझ्याकडे राहिली नाही. तिला वाटलं होतं मला बरं वाटेल. खरंच वाटलं होतं तिला तसं. त्यानेच माझी जास्त जळजळ व्हायची.

तर अशी बाई त्या दिवशी अंगणात पडली.

मिलिंदने गाडी काढली. मागच्या सीटवर मी बसले, तिचं डोकं माझ्या मांडीवर. तिच्या अंगाला लिंबाचा वास येत होता. तिचा उजवा डोळा माझ्याकडे बघत होता, डावा कुठेतरी भलतीकडे. मी तिला म्हटलं, "काही बोलू नको. मेलीस तर बघ." रत्नागिरीला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी आत नेलं. बराच वेळ गेल्यावर बाहेर येऊन म्हणाले की मेंदूत रक्ताची गाठ झाली होती, पण तुम्ही वेळेत आणलंत. अजून थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. "लक्षात कोणाच्या आलं?"

"आईच्या," मिलिंद म्हणाला. "आम्ही तर टाळ्या वाजवत होतो."

मग तो माझ्या शेजारी बाकावर बसला. माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. "आई, एवढ्या लांबून तुला कसं कळलं गं?"

इतक्या वर्षांत तो असा माझ्याजवळ बसला नव्हता. आणि बसला तो विजूपायी. मी त्याला काय सांगणार होते? की वर्षानुवर्षं मी तिच्यावरून नजर काढलेली नाही, तिचा हात कसा हलतो, ती डबा कसा धरते, तू तिच्या कुठल्या बोलण्याला हसतोस, सगळं मला पाठ आहे? मी म्हटलं, "दिसलं."

विजूला मात्र सांगावं लागलं नाही. ती बोलायला लागली तेव्हा तिचे शब्द तोंडातून घरंगळत यायचे. मी तिला पेज भरवत होते. ती म्हणाली, "वहिनी... डोळा ठेवून... होतात ना माझ्यावर?"

"होय तर. कधी काढला होता?"

ती हसली. अर्धं तोंड हसलं, पेज हनुवटीवर आली. मी पुसली.

घरी आणल्यावर तिचं सगळं मी केलं. वाडीतले म्हणाले, बहिणीने केलं नसतं एवढं केलंत. बहीणबिहीण काही नाही. समोरच्या घरात दुसरं होतं कोण? मिलिंद रोज संध्याकाळी फोन करायचा. माझ्या फोनवर करायचा आणि म्हणायचा, "आई, काकीला दे." मी अंगण ओलांडून फोन तिच्या कानाला लावून उभी राहायचे. हात दुखायचा.

वर्ष गेलं, नाताळ आला. विजू प्लास्टिकच्या खुर्चीत, अंगावर निळा स्वेटर, डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. डबा कोणी हलवायचा? अनघा म्हणाली, यंदा राहू दे. विजूने उजव्या हाताचं बोट माझ्याकडे केलं.

"वहिनी."

"मी? मी दारूच्या डब्याला हात लावणार नाही."

"एकदा... लावलात की. लसूण घातलीत."

सगळे हसले. मी पदर खोचला. ती खुर्चीतून हुकूम सोडत होती आणि मी करत होते. रस गार पाण्याने. धार धरून. विहिरीत सोडा. आता काढा. "हळू, वहिनी. घाई केली की..." पुढचा शब्द तिला जुळेना, तर सगळ्या पोरांनी एकदम ओरडून पुरा केला. मी डबा हलवायला लागले. नाचले नाही, उभ्याने हलवला. खांद्यातून कळ यायला लागली तरी थांबले नाही. मनात म्हटलं, आता बघ मिलिंद, आता मी करत्ये.

मिलिंद बघत नव्हता. तो विजूच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला होता आणि तिच्या डाव्या हाताची बोटं एक एक करून चोळत होता. मी फेस उभा राहीपर्यंत हलवलं, पेले भरले, जायफळ किसलं, पहिला पेला त्याला नेऊन दिला. त्याने घोट घेतला, डोळे मोठे केले आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "काकी! अगदी तुझ्यासारखी झाल्ये!"

तिला सांगितलं त्याने.

विजूने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. तिला नेहमी कळायचं, तेच वाईट. तिने मिलिंदच्या डोक्यावर टपली मारली. "मेल्या... आईला सांग. तिने केल्ये."

"हो, हो. मस्त झाल्ये, आई," तो म्हणाला. मी पेले गोळा करायला गेले.

सुट्टी संपत आली तेव्हा मिलिंदने सांगितलं की काकीला ठाण्याला नेतोय. तिथे त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे, हातापायाचे व्यायाम करवून घेणारी बाई घरी येते, अनघाचीही ना नाही. त्याने सगळं आधीच ठरवलं होतं. मी म्हटलं, "न्या की." मग बऱ्याच वेळाने त्याला सुचलं आणि तो म्हणाला, "आई, तूही चल ना थोडे दिवस." मोहर धरला होता, फवारणीचे गडी सांगून ठेवले होते, घर कोण बघणार? ते त्यालाही माहीत होतं. माझे पाय धड, हात धड, तोंड सरळ. त्यामुळे मला कोणी कुठे नेत नाही.

जायच्या दिवशी सकाळी त्याने तिला उचलून गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. साडीचा सोगा दारात अडकू नये म्हणून वाकून आत सारला, पट्टा लावला, मानेमागे उशी दिली. अनघा मुलांना घेऊन मागे बसली. मी अंगणाच्या कडेला उभी होते. विजूने काच खाली करायला लावली आणि उजव्या हाताने मला बोलावलं. मी गेले.

"नेत्ये हां... तुमचा मुलगा," ती म्हणाली.

"ने."

"जळू नका, वहिनी."

"जळणार," मी म्हटलं.

ती हसली, तसंच अर्धं. उजव्या हाताने माझं मनगट धरलं, घट्ट धरलं, त्या हातात अजून ताकद होती. मिलिंदने गाडी सुरू केली तरी तिने सोडलं नाही. मी दोन पावलं गाडीबरोबर चालले. मग तिने सोडलं. गाडी उतारावरून वळली, तिचा हात काचेबाहेर तसाच होता, आणि मग झाडं आड आली.

पावसाळ्यात ठाण्यातच ती वारली. झोपेत. मिलिंदने तिला अग्नी दिला. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

त्यानंतरच्या नाताळात मिलिंद आला आणि माझ्या पडवीत बसला. सकाळ-संध्याकाळ तिथेच बसायचा. समोरच्या दाराला कुलूप आहे, म्हणून बसायचा. समोर बघत बसायचा. मीही त्याच्या शेजारी बसायचे, कारण मला ते हवं होतं.

विजू त्या एकतीस डिसेंबरला वाचली आणि त्यानंतर दीड वर्ष जगली. मी अजून आहे.